खंडांची टक्कर आणि खोलातून वर आलेले खडक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम नॉर्वेच्या किनाऱ्यावर आज लाटा ज्या खडकांवर आपटतात, त्यातले काही खडक ४० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली शंभर किलोमीटरच्या आसपास होते. असे खडक जगात इतर ठिकाणीही आहेत, आपल्या लडाखमध्येही आहेत. या पानावर मुख्य उदाहरण नॉर्वेचं घेतलं आहे, कारण खाली जाण्याचे आणि वर येण्याचे दोन्ही पुरावे तिथे शेजारी शेजारी, फ्योर्डच्या, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल, अरुंद खाड्यांच्या, कड्यांमध्ये उघडे पडलेले दिसतात. आल्प्स, हिमालय आणि विदर्भ त्या त्या प्रश्नापुरते येतील.

नेमकी कोणती खंडं धडकली आणि कधी?

एका बाजूला होतं बाल्टिका, म्हणजे आजचं स्कँडिनेव्हिया आणि पूर्व युरोपचा गाभा. दुसऱ्या बाजूला लॉरेन्शिया, म्हणजे आजचा उत्तर अमेरिकेचा गाभा आणि ग्रीनलँड. दोन्हींच्या मध्ये आयापेटस नावाचा महासागर होता. तो आक्रसत गेला आणि सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी दोन खंडांच्या कडा एकमेकींना भिडल्या. त्यातून कॅलेडोनियन पर्वतरांग उभी राहिली. तिची तुलना नेहमी आजच्या हिमालयाशी केली जाते आणि ती योग्यच आहे.

पुढे, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, नॉर्वे आणि ग्रीनलँड यांच्यामध्ये उत्तर अटलांटिक उघडला. त्यामुळे त्या जुन्या पर्वतरांगेचे तुकडे आज नॉर्वे, स्कॉटलंड, पूर्व ग्रीनलँड असे विखुरलेले आहेत.

खंडाचा खडक हलका असतो ना? मग तो एवढा खोल गेला कसा?

तो स्वतःहून बुडाला नाही, ओढला गेला. महासागराचा तळ थंड होतो तसा जड होत जातो आणि खंडाच्या कडेखाली उतरू लागतो. आयापेटसचा तळही असाच लॉरेन्शियाच्या खाली जात होता, आणि त्या तळाच्या शेपटाला बाल्टिकाची पश्चिम कड जोडलेली होती. महासागर संपल्यावर खाली गेलेल्या या तळाचं, म्हणजे पट्टाचं, वजन नाहीसं होत नाही. ते खेचतच राहतं. त्या ओढीने बाल्टिकाची कडही लॉरेन्शियाखाली, उत्तर-पश्चिमेच्या दिशेने, प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, घुसली.

ही दिशा कळली कशी? पश्चिम नॉर्वेत आग्नेयेकडून वायव्येकडे चालत गेलं की खडकांनी सोसलेला दाब आणि तापमान वाढत जातं. आतल्या बाजूला साधारण ६०० अंश सेल्सिअस, तर बाहेरच्या बेटांकडे ८०० अंश आणि कितीतरी जास्त दाब. म्हणजे जी कड वायव्येला होती ती सर्वात खोल गेली. एखाद्या पट्टाचा उतार खडकांच्या खनिजांमधून इतका स्वच्छ वाचता यावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

हा खडक ओळखायचा कशावरून? एक्लोगाइट म्हणजे काय?

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तुम्ही पाहिलेला आहेच. एक्लोगाइटची रासायनिक घडण जवळपास तीच असते. फरक पडतो दाबामुळे. बेसाल्टमधलं प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार खोलात तग धरू शकत नाही. ते मोडतं आणि त्यातली मूलद्रव्यं दोन नव्या खनिजांत वाटली जातात: तांबडं गार्नेट आणि हिरवट ओंफासाइट. घनता (पाण्याची १ धरली तर) ३.० च्या आसपासवरून ३.५ वर जाते. हिरव्या जमिनीवर लाल ठिपके, असा तो खडक डोळ्यांना सरळ ओळखू येतो आणि हातात घेतला की वजनावरूनही कळतो.

नॉर्वेत हे एक्लोगाइट मोठ्या डोंगरांच्या रूपात क्वचितच आहेत. बहुतेक ठिकाणी ते राखाडी, पट्टेदार नाइस खडकात रुतलेले गोळे किंवा भिंगासारखे तुकडे असतात, काही हातभर, काही शेकडो मीटरचे. भोवतीचं नाइस मूळचं १६० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचं, बाल्टिकाच्या पायाचा भाग. या नाइसमध्ये खोलीच्या खुणा फारशा उरलेल्या नाहीत. त्यामुळे अनेक वर्षं मोठा वाद होता: हे तुकडे प्रावरणातून येऊन नाइसमध्ये घुसले, की नाइससकट सगळाच प्रदेश खाली जाऊन आला? दुसरं उत्तर बरोबर ठरलं, आणि त्याला कारण ठरलं एक सूक्ष्म खनिज.

शंभर किलोमीटर हा आकडा आला कुठून? कुणी मोजायला तर गेलं नव्हतं.

त्या खनिजाचं नाव कोएसाइट. रसायन क्वार्ट्झचंच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, पण अणूंची मांडणी जास्त घट्ट. क्वार्ट्झची घनता २.६५, कोएसाइटची २.९२. ७०० ते ८०० अंश तापमानाला क्वार्ट्झचं कोएसाइट व्हायला वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ २७ हजार पट दाब लागतो. एवढा दाब जमिनीखाली सुमारे ९० किलोमीटरवर मिळतो.

१९५३ मध्ये लोरिंग कोस यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. १९६० मध्ये ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उल्काविवरात सापडलं, आणि तेव्हा सगळ्यांची समजूत झाली की निसर्गात ते केवळ उल्केच्या आघातानेच तयार होतं. खंडाचा खडक एवढ्या खोल जाऊन परत येऊ शकतो, हे कुणी गृहीतच धरलेलं नव्हतं.

१९८४ हे वर्ष निर्णायक ठरलं. ख्रिश्चन शोपां यांनी पश्चिम आल्प्समधल्या डोरा मायरा इथल्या गार्नेटच्या पोटात कोएसाइट दाखवलं. त्याच वर्षी डेव्हिड स्मिथ यांनी नॉर्वेच्या एक्लोगाइटमध्येही ते दाखवलं. डोरा मायराचा खडक तर मूळ खंडाच्या वरच्या थरातला होता, हे विशेष. एका वर्षात भूविज्ञानाच्या एका मोठ्या गृहीतकाला तडा गेला. पुढे १९९० मध्ये कझाकस्तानच्या कोकचेताव इथल्या रूपांतरित, म्हणजे दाब-उष्णतेने बदललेल्या, खडकांत आणि १९९५ मध्ये नॉर्वेच्या फ्योर्टोफ्ट बेटावर सूक्ष्म हिरे मिळाले, म्हणजे खोली १२० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेली.

कोएसाइट वरपर्यंत टिकतं ते फक्त गार्नेटसारख्या दणकट खनिजाच्या आत बंदिस्त असेल तर. वर येताना दाब कमी झाला की ते क्वार्ट्झ होऊ लागतं आणि सुमारे दहा टक्क्यांनी फुगतं. त्या फुगण्याने भोवतीच्या गार्नेटला चहूबाजूंनी किरणांसारखे तडे जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ते तडे दिसले की कोएसाइट पूर्ण नाहीसं झालं असलं तरी ते तिथे होतं असा अंदाज बांधता येतो.

दाबावरून खोली काढणं बरोबर आहे का? टकरीचा जोरही दाब वाढवू शकतो ना?

प्रश्न रास्त आहे आणि तज्ज्ञांमध्ये त्यावर खरोखरच मतभेद आहेत. वरच्या खडकाच्या वजनामुळे पडणारा दाब एवढाच हिशेब धरला की खोली मिळते. पण दोन खंड एकमेकांना रेटत असतील, तर काही ठिकाणी वजनापेक्षा जास्त दाब साठू शकतो, असं संगणकी प्रारूपं सांगतात. तसं असेल तर खोली थोडी कमी धरावी लागेल.

माझं मत असं की नॉर्वेसारख्या विशाल प्रदेशात हा जादा दाब सगळं चित्र उलटवू शकत नाही. इथे हजारो चौरस किलोमीटरवर दाब शिस्तीत, एका दिशेने वाढत जातो, आणि ८०० अंशांचा खडक इतका मऊ असतो की तो फार मोठा जादा दाब दीर्घकाळ पेलू शकत नाही. छोट्या, कडक पट्ट्यांत मात्र हा आक्षेप गांभीर्यानेच घ्यायला हवा.

मग तो वर आला कसा?

आधी हलकेपणा. ग्रॅनाइटसारख्या घडणीचं नाइस शंभर किलोमीटर खोलातही प्रावरणापेक्षा हलकंच राहतं. प्रावरणाची घनता ३.३ च्या आसपास, तर पूर्ण रूपांतर झालेल्या नाइसची तिथे साधारण ३.०. एक्लोगाइटचे तुकडे जड असले तरी एकूण खडकात त्यांचा वाटा थोडा, त्यामुळे हलकं नाइस त्यांना सोबत घेऊन वर येतं. विहिरीत पालथी दाबून धरलेली रिकामी घागर हात सैल होताच उसळून वर येते, तसंच इथे. प्रश्न इतकाच की हात सैल कुणी केला.

उत्तर आहे: खाली खेचणारा महासागरी पट्ट तुटला, किंवा खंडाची कड त्यापासून सुटली. हलक्या खंडाची वर उचलणारी ताकद आणि जड पट्टाची खालची ओढ यांच्या रस्सीखेचीत जोड कुठेतरी फाटतो. तुटलेला भाग प्रावरणात बुडत जातो आणि मोकळी झालेली खंडाची कड ज्या वाटेने खाली गेली त्याच वाटेने, तिरकी, वर सरकते. सरळ उभी वर येत नाही. पाठ्यपुस्तकांत उभा बाण काढलेला असतो, तो बाण बघून पुढचे सगळे प्रश्न चुकीचे पडतात.

वरचा शंभर किलोमीटरचा खडक झिजून गेला असेल, तर एवढी माती गेली कुठे?

हा या पानावरचा माझा सर्वात आवडता प्रश्न आहे, कारण त्यातच खरं उत्तर दडलेलं आहे. एवढी झीज झालीच नाही. छप्पर झिजवलं गेलं नाही, ते बाजूला सरकवलं गेलं.

नॉर्वेत हे डोळ्यांनी दिसतं. नॉर्डफ्योर्डपासून सोग्नेफ्योर्डच्या तोंडापर्यंत एक महाकाय भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची फट, आहे, सौम्य उताराचा. त्याच्या खालच्या बाजूला एक्लोगाइट असलेलं नाइस. भ्रंशाच्या पट्ट्यात काही किलोमीटर जाडीचं मायलोनाइट, म्हणजे गरम असताना प्रचंड घसरणीने ताणून, चिरडून बारीक झालेला खडक. आणि वरच्या बाजूला? साधा वाळूचा आणि गोट्यांचा खडक, डेव्होनियन काळात, सुमारे ४० ते ३८ कोटी वर्षांपूर्वी, नद्यांनी उघड्या जमिनीवर साठवलेला. त्यात माशांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळतात.

म्हणजे दरीत मोकळ्या हवेत साचलेली वाळू आणि पृथ्वीच्या पोटात शिजलेला खडक यांच्यामध्ये आज फक्त हा भ्रंशाचा पट्टा आहे. मधले कित्येक किलोमीटर गायब आहेत. ते झिजले असते तर त्यांच्या खुणा थरांच्या क्रमात राहिल्या असत्या. प्रत्यक्षात वरचा भाग पश्चिमेकडे दहा-वीस नव्हे, तर त्याहून कितीतरी जास्त किलोमीटर घसरत गेला आणि खालचा खडक त्याच्याखालून उघडा पडत गेला.

होर्नेलेनचं खोरं याची साक्ष आहे. तिथे वाळूच्या आणि गोट्यांच्या खडकाचे थर एकावर एक मोजत गेलं तर जाडी सुमारे २५ किलोमीटर भरते. खोरं मात्र एवढं खोल कधीच नव्हतं. भ्रंश सरकत होता, खोऱ्याचा तळ सरकत होता, आणि नवा गाळ दर वेळी थोडा पुढे, पूर्वेला पडत होता. छपरावरच्या कौलांसारखे थर एकमेकांवर कलत गेले. होर्नेलेनचा कडा समुद्रातून थेट सुमारे ८६० मीटर उभा आहे आणि तो याच गाळाच्या खडकाचा आहे. तिथून बोटीने थोडंच पुढे गेलं की नाइस लागतं.

पण खंड एकमेकांना दाबत असताना जमीन ताणली कशी जाते?

दोन्ही एकाच वेळी घडू शकतं. दाबाने कवच जाड होतं आणि जाड कवच गरम होऊन मऊ पडतं. तेव्हा ते स्वतःच्याच वजनाने पसरू लागतं. शिवाय खालचा हलका तुकडा वर रेटत असेल, तर त्याच्या वरच्या पृष्ठभागावर जी घसरण होते ती ताणाच्या भ्रंशासारखीच दिसते.

हे हिमालयात आजही वाचता येतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८,८४९ मीटरवर, ऑर्डोव्हिशियन काळातला चुनखडक आहे आणि त्यात समुद्री जिवांचे अवशेष आहेत. त्याच्या खाली ताणाच्या भ्रंशांची मालिका आहे, आणि त्याच्याही खाली जोरदार रूपांतर झालेले खडक आणि फिकट ग्रॅनाइट. दक्षिण तिबेट भ्रंश या नावाने ओळखली जाणारी ही रचना सबंध हिमालयाच्या लांबीभर सापडते. जगातला सर्वात उंच पर्वत टकरीने उभा राहिला, आणि त्याच्या माथ्याशी छप्पर घसरल्याची खूण आहे. नॉर्वेत जे ४० कोटी वर्षांपूर्वी घडलं त्याचा हा तरुण भाऊबंद समजा.

म्हणजे पाऊस, नद्या, हिमनद्या यांना काहीच श्रेय नाही?

आहे, पण शेवटच्या टप्प्याचं. शंभर किलोमीटरवरून तीस-चाळीस किलोमीटरपर्यंतचा प्रवास मुख्यतः हलकेपणाने होतो. तिथून वरचा बराचसा भ्रंशांनी, आणि शेवटचे काही किलोमीटर झिजेने. नॉर्वेत गेल्या सुमारे २५ लाख वर्षांत हिमनद्यांनी फ्योर्ड कोरले नसते, तर यातले बरेच खडक जमिनीखालीच राहिले असते. सोग्नेफ्योर्ड तर समुद्रसपाटीखाली १,३०० मीटरपर्यंत खोदला गेला आहे.

काही ठिकाणी नदीचा वाटा बराच मोठा असतो. नंगा पर्बतचा माथा ८,१२६ मीटर आणि जवळून वाहणारी सिंधू सुमारे ७ किलोमीटर खाली. नदी खडक इतक्या वेगाने वाहून नेते की खालचा गरम, मऊ खडक तिथे वर येत राहतो. तिथे पृष्ठभागावर आलेले काही ग्रॅनाइट ३० लाख वर्षांपेक्षा तरुण आहेत. ग्रॅनाइट जमिनीखाली किलोमीटरोगणती खोलीवर गोठतो, हे लक्षात घेतलं की या वेगाची कल्पना येते.

वर यायला किती काळ लागतो?

भूविज्ञानाच्या हिशेबात थोडा. डोरा मायराच्या खडकांवर दानिएला रुबात्तो आणि यॉर्ग हेरमान यांनी २००१ मध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तो खडक शंभर किलोमीटरच्या आसपास होता आणि सुरुवातीला वर्षाला साधारण ३.४ सेंटीमीटर वेगाने वर आला, मग वेग कमी होत गेला. भूपट्ट ज्या वेगाने खाली जातात, जवळपास त्याच वेगाने.

नॉर्वे आकाराने कितीतरी मोठा, म्हणून सावकाश. तिथले एक्लोगाइट साधारण ४१.५ ते ४० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि अभ्रकाच्या वयांवरून दिसतं की त्यानंतर एक-दोन कोटी वर्षांत बहुतेक प्रदेश ४०० अंशांच्या आसपास थंड झाला होता.

वेग महत्त्वाचा का, हेही सांगायला हवं. प्रावरणातलं तापमान त्या खोलीवर १,२०० अंशांच्या पुढे असतं. खडक तिथे निवांत बसला असता तर तापून वितळला असता. ८०० अंशांवरच थांबलेला खडक सांगतो की तो थंड असतानाच गेला आणि तापायच्या आत निघाला.

वर येताना खनिजं परत पूर्वीसारखी का होत नाहीत?

बऱ्याच खडकांत होतातच. म्हणूनच नाइसमध्ये खोलीच्या खुणा उरल्या नाहीत. टिकतात ते कोरडे खडक. खनिजांना बदलायला अणू इकडून तिकडे जावे लागतात आणि पाण्याशिवाय ते काम भयंकर मंद चालतं.

याचा जगातला सर्वात सुंदर पुरावा बर्गनजवळच्या होल्सनॉय बेटावर आहे. तिथे मूळचा खडक ग्रॅन्युलाइट, म्हणजे खंडाच्या तळाकडे प्रचंड तापून बनलेला, सुमारे ९३ कोटी वर्षांपूर्वीचा, अगदी कोरडा. कॅलेडोनियन टकरीत तो एक्लोगाइट व्हावा इतका खोल गेला. पण सगळा बदलला नाही. जिथे भेगा पडल्या आणि भेगांतून पाणी शिरलं, तिथेच भेगेच्या दोन्ही अंगांना एक्लोगाइटच्या पट्ट्या तयार झाल्या. पट्टीच्या बाहेर, वीतभर अंतरावर, जुना ग्रॅन्युलाइट तसाच. दोन्ही एकाच खोलीवर, एकाच तापमानात होते. होकोन ऑस्टरहाइम यांनी १९८० च्या दशकात हे मांडलं तेव्हापासून ‘एवढा दाब म्हणजे हे खनिज’ असं सरधोपट गणित कुणी करत नाही. त्या भेगांपैकी काही खोलातल्या भूकंपांनी पडल्या, हेही तिथल्या वितळून गोठलेल्या काचेसारख्या शिरांवरून दिसतं.

वयं कशी काढतात?

एकाच घड्याळावर विसंबून चालत नाही. झिर्कॉन या खनिजातलं युरेनियम ठरावीक गतीने शिशात बदलतं, त्यावरून झिर्कॉनची वाढ कधी झाली ते कळतं. झिर्कॉनच्या एकाच दाण्यात जुना गाभा आणि नवी साल असू शकते, आणि लेझर किंवा आयनांच्या झोताने दोन्ही वेगळे मोजता येतात. गार्नेटची वाढ केव्हा झाली हे ल्युटेशियम-हाफ्नियम किंवा समेरियम-निओडिमियमवरून. अभ्रकातला अर्गॉन खडक बराच थंड झाल्यावरच अडकून राहतो, म्हणून तो थंड होण्याची तारीख देतो. या तारखा आणि त्या त्या वेळचा दाब यांची सांगड घातली की प्रवासाचा आलेख मिळतो.

हिरेही खोलातून येतात. तो हाच प्रकार का?

नाही. पन्ना जिल्ह्यातल्या मझगवाँसारख्या ठिकाणचे हिरे खोलातून झपाट्याने उसळलेल्या लाव्हासदृश रसासोबत येतात. तिथे खडकाचा मोठा प्रदेश सरकत नाही, रस वाटेतले तुकडे उचलून आणतो. टकरीच्या पट्ट्यांतले हिरे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, त्यांना दागिन्यात जागा नाही.

या खडकांचा व्यवहारात काही उपयोग?

नॉर्वेत फॉर्डे फ्योर्डच्या काठावरच्या एंगेबॉ डोंगरातल्या एक्लोगाइटमध्ये रुटाइल आहे, टायटॅनियमचं खनिज. खाणीचा चोथा फ्योर्डच्या तळाशी टाकण्यावरून तिथे मोठा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांची काळजी मला रास्त वाटते.

भारतात असे खडक कुठे?

लडाखच्या त्सो मोरिरी सरोवराच्या परिसरात. तिथल्या नाइसमध्ये एक्लोगाइटचे तुकडे आहेत आणि त्यांच्या गार्नेटमध्ये कोएसाइट सापडलं आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताची उत्तर कड आशियाखाली ९० किलोमीटरपेक्षा खोल गेली आणि भूवैज्ञानिकदृष्ट्या फार लवकर परतली, याचा तो थेट पुरावा. पाकिस्तानच्या काघान खोऱ्यातही असंच कोएसाइट आहे. भारतीय खंडाची कड एवढी खोल गेली होती, हे आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं.

पूर्व घाटातले खडक वेगळ्या जातीचे. ते अतिखोल नव्हे, तर खंडाच्या तळाकडचे, प्रचंड तापलेले ग्रॅन्युलाइट. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी हा किनारा आणि पूर्व अंटार्क्टिका जोडले गेले त्या काळातले. कोणार्कच्या सूर्यमंदिरात वापरलेला खोंडालाइट याच कुळातला.

आणि महाराष्ट्रात?

एक्लोगाइट शोधत निघालात तर निराश व्हाल. राज्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टखाली झाकलेला आहे. पण पूर्व विदर्भात बेसाल्ट संपतो आणि जुन्या टकरीचा पट्टा उघडा पडतो.

उत्तरेला बुंदेलखंडाचा जुना भूखंड, दक्षिणेला बस्तरचा. दोघे जोडले गेले तो मध्य भारतीय पट्टा नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा असा जातो. जोडणी एकदाच झाली की दोन टप्प्यांत, १६० कोटी आणि १०० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, आणि कोण कुणाखाली गेलं, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. सौसर गटाच्या, म्हणजे या पट्ट्यातल्या गाळापासून बनलेल्या, खडकांवरची मुख्य रूपांतराची खूण मात्र १०० कोटी वर्षांच्या आसपासची. सौसरच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ग्रॅन्युलाइट आहेत, म्हणजे खंडाच्या कवचाच्या तळाकडचा, तीसेक किलोमीटर खोलातला भाग. लडाखच्या मानाने उथळ, पण तुमच्या घराच्या पायापासून तीस किलोमीटर खाली काय असेल याची कल्पना त्यावरून करता येते.

मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्ग, चिखला या मँगनीज खाणी याच कथेचा भाग आहेत. समुद्रात साचलेला मँगनीजचा गाळ टकरीत पुरला गेला, तापला आणि गार्नेट-क्वार्ट्झच्या गोंडाइट खडकात बदलला. लुईस फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर लिहिलेला बृहद्ग्रंथ आजही तिथल्या अभ्यासाचा आरंभबिंदू आहे.

भंडारा जिल्ह्यातले कायनाइट आणि सिलिमनाइटचे साठे भट्ट्यांच्या विटांसाठी काढले जातात. ही दोन आणि अँडालुसाइट, तिन्हींचं रसायन एकच: ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन. दाब जास्त आणि तापमान बेताचं असेल तर निळसर कायनाइट होतं, तापमान चढलं तर सिलिमनाइट, आणि उथळ खोलीवर अँडालुसाइट. तिन्हींची हद्द साधारण ५०० अंश आणि १५ किलोमीटरच्या आसपास एकत्र येते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी आधी हे तीन ओळखायला शिकावं. खाणीत जायला परवानगी लागते, पण खाणीबाहेरच्या टाकाऊ दगडांच्या ढिगातही तांबूस-नारिंगी गार्नेटचे तुकडे मिळतात, आणि भिंगाने ते सहज ओळखता येतात.